बेल्ट चढवायचा असतो, ओढायचा नसतो

आजचा विषय आहे बेल्ट. कमरेचा नाही, मशीनचा. मोटर आणि मशीन यांच्यामध्ये पळणारा तो काळा रबरी पट्टा. गावातली पिठाची गिरणी, कडबाकुट्टी, गॅरेजमधला हवेचा कॉम्प्रेसर, कारखान्यातले मोठे ब्लोअर, सगळीकडे हा असतोच. मी मेंटेनन्स फिटर आहे, त्यामुळे माझा याच्याशी रोजचा संबंध. तुमच्यापैकी बरेच जण आयटीआय करताय, कुणी अप्रेंटिस आहात. शॉपमध्ये तुमच्या वाट्याला येणारं पहिलं स्वतंत्र काम बहुतेक हेच असणार. "जा रे, त्या ब्लोअरचा बेल्ट टाकून ये." सांगणाऱ्याला वाटतं, पाच मिनिटांचं काम. म्हणूनच मला आज यावर बोलायचंय.

आधी एक साधा हिशोब करू. मोटर मिनिटाला १४४० फेरे मारते, तिच्यावरची पुली १५० मिलिमीटर व्यासाची आहे. मग बेल्ट सेकंदाला साधारण ११ मीटर पळतो. म्हणजे ताशी ४० किलोमीटर. आता बाही अडकली हे कळून हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात बेल्ट दोन मीटर पुढे गेलेला असतो. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. "मी पटकन काढून घेईन" असं ज्याला वाटतं, त्याने हा हिशोब वहीत लिहून ठेवावा.

आमच्या शॉपमध्ये एक जुने फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. तरुणपणी दुसऱ्या एका ठिकाणी, घसरणाऱ्या चालत्या बेल्टला राळ लावताना गेली. मामा बोटांची गोष्ट फारशी सांगायचे नाहीत. पण आम्ही गार्ड उघडायला गेलो, की आधी विचारायचे, "फ्यूज कुठाय?" आपल्या खिशातून फ्यूज काढून दाखवला, तरच पाना हातात द्यायचे.

म्हणून पहिली पायरी पाना नाही. मेन स्विच बंद, फ्यूज काढलेला किंवा आपलं कुलूप लावलेलं, आणि किल्ली आपल्याच खिशात. नंतर स्टार्टचं बटण दाबून बघायचं, मशीन खरंच मेलंय ना? लाईट गेलीय म्हणून गिरणीचा बेल्ट दुरुस्त करायला बसणारे मी पाहिलेत. अहो, गेलेली लाईट सांगून परत येत नाही! आणि मोटर बंद केली की ब्लोअरचा पंखा लगेच थांबत नाही, तो स्वतःच्या वजनाने फिरत राहतो. पूर्ण थांबेपर्यंत गार्डला हात लावायचा नाही. ओढणी, गळ्यातलं ओळखपत्र, इअरफोनची वायर, अंगठी, कडं, सगळं बाजूला ठेवून यायचं.

आता बेल्टकडे येऊ. याला व्ही-बेल्ट का म्हणतात? कारण त्याचा छेद पाचरीसारखा असतो. तो पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंच्या भिंतींना दाबून बसतो आणि त्याच पकडीवर ताकद पोचवतो. त्याचं पोट खाचेच्या तळाला टेकायला नको. जुनी पुली बघताना खाचेचा तळ चकाकत असेल, तर समजा बेल्ट खाली टेकतोय, पाचर बसतच नाहीये. खाचेच्या भिंती सरळ हव्यात. पट्टी लावल्यावर त्या वाटीसारख्या खोल झालेल्या दिसल्या, तर नवा बेल्ट टाकून उपयोग नाही, पुलीच बदलायची वेळ आलीय.

बेल्टवर बी ७२ असं काहीतरी लिहिलेलं असतं. बी म्हणजे आकाराचा प्रकार, वरून १७ मिलिमीटर रुंद आणि ११ मिलिमीटर जाड. ७२ म्हणजे आतल्या बाजूची लांबी, इंचात. बेल्ट काढायच्या आधी या नंबरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. घासलेला नंबर दुकानात जाऊन कुणालाच आठवत नाही. आणि पुलीवर चार बेल्ट असतील, तर चारही एकदम बदलायचे. जुने ताणलेले असतात, नवा आखूड असतो. तीन पडून राहतात आणि सगळा भार एकट्या नव्यावर येतो. मग लोक म्हणतात, "बेल्टची क्वालिटीच गेली!"

चढवताना सगळ्यात मोठा गुन्हा कुठला? पहार घालून बेल्ट पुलीवर ओढणं. बेल्टच्या आत दोऱ्यांचा थर असतो, ताकद तोच पेलतो. पहारीने त्यातले काही दोरे तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. चार दिवसांनी बेल्ट खाचेत उलटा होतो, तेव्हा कुणाला पहार आठवत नाही. बरोबर पद्धत म्हणजे मोटरचे बोल्ट सैल करायचे, मोटर मशीनकडे सरकवायची, बेल्ट हाताने अलगद बसवायचा आणि मग मोटर मागे घ्यायची. दहा मिनिटं जास्त जातात, इतकंच.

पुढचं काम म्हणजे दोन्ही पुली एका रेषेत आणणं. यासाठी लेझर असेल तर छान, नसेल तर गवंड्याचा दोरा चालतो. दोन्ही पुलींच्या तोंडावरून दोरा ताठ धरायचा. तो प्रत्येक पुलीच्या दोन्ही कडांना, म्हणजे एकूण चार ठिकाणी टेकला पाहिजे. एका पुलीच्या एकाच कडेला टेकला, तर मोटर तिरकी आहे. एका पुलीला पूर्ण टेकला आणि दुसरीपासून सारख्या अंतरावर राहिला, तर पुली पुढेमागे बसलीय. दोन्ही पुलींच्या कडांची जाडी वेगळी असेल, तर तो फरक धरायचा. व्ही-बेल्टला साधारण अर्ध्या अंशाचा तिरकेपणा चालतो, म्हणजे दर मीटरमागे आठ-नऊ मिलिमीटर. त्याच्यापुढे गेलं की बेल्टची एक बाजू घासून काळी पूड पडायला लागते. गार्डखाली ती पूड दिसली, की पहिला दोरा काढायचा.

मग ताण. अंगठ्याने दाबून "झालं बरोबर" म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, पण प्रत्येकाचा अंगठा वेगळा. ठोकताळा असा आहे की दोन पुलींमध्ये बेल्टचा मोकळा भाग एक मीटर असेल, तर मधोमध दाबल्यावर तो १६ मिलिमीटर खाली जावा. किती जोराने दाबायचं, ते त्या बेल्टच्या तक्त्यात दिलेलं असतं आणि साध्या स्प्रिंगच्या मापाने ते मोजता येतं. टिचकी मारली की बेल्ट तबल्यासारखा घुमतो. तो सूर मोजून ताण सांगणारी उपकरणंही मिळतात. ढिला बेल्ट सुरू होताना किंचाळतो, घसरतो, तापतो. फार आवळला तर आवाज बंद होतो, पण बेअरिंग तापून बसतं. बेल्ट काही शे रुपयांचा असतो, बेअरिंग गेलं की अख्खी मोटर खोलावी लागते.

नवा बेल्ट चालून खाचेत बसतो आणि थोडा ढिला होतो. म्हणून पूर्ण भारावर २४ ते ४८ तास चालल्यावर मशीन परत बंद करून ताण तपासायचा. ही पायरी जवळपास सगळे विसरतात. नव्या व्ही-बेल्टची कार्यक्षमता ९५ ते ९८ टक्के असते. नीट लक्ष दिलं नाही तर ती पाच टक्क्यांनी घसरू शकते. १० किलोवॉटचा भार रोज १६ तास, वर्षाला ३०० दिवस चालला, तर पाच टक्के म्हणजे २४०० युनिट. आठ रुपये युनिट धरा, १९ हजार २०० रुपये झाले. हे पैसे फक्त रबर तापवण्यात गेले. साहेबांना वेळ मागताना हा हिशोब पुढे ठेवा, वेळ मिळतो. मी मिळवलाय.

आणि राळ? व्ही-बेल्टला राळ, ग्रीस, साबण काहीच लावायचं नाही. राळेने आवाज दोन दिवस दबतो, दुखणं तसंच राहतं. बेल्ट ओरडतोय म्हणजे काहीतरी सांगतोय, त्याचं तोंड दाबू नका.

शेवटचं. काम झालं की गार्ड परत लावायचा, सगळे बोल्ट घालून. "उद्या लावू" म्हणून भिंतीला टेकवलेला गार्ड वर्षभर तिथेच राहतो. धोकादायक फिरत्या भागांना कुंपण हवं, हे आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहिलं गेलं होतं. गार्ड नसलेल्या मशीनवर काम करायला सांगितलं, तर नाही म्हणा. नवीन पोराला नाही म्हणणं अवघड जातं, मला माहितीय. पण गार्डला अर्धा तास लागतो, आणि बोटं दुकानात मिळत नाहीत.

तुमच्या शॉपमधला, गिरणीतला एखादा बेल्ट सारखा तुटत असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. बेल्टचा नंबर, पुलीचा फोटो आणि आवाज रेकॉर्ड करून. फोटो मशीन बंद करून, आवाज गार्ड लावून आणि लांबून. पुढच्या भागात बेअरिंगबद्दल बोलू. तोवर सांभाळून काम करा. भेटूच.