चेंडूवांचूनचा पराक्रम

एका खेळांत कीर्ति मिळविलेला गडी दुसऱ्या खेळांत उतरतो, तेव्हां त्याला नवें शिकावें लागतें, हें उघड आहे. परंतु त्याहून बिकट काम जुनें विसरण्याचें असतें. जॉर्डन मायलाटा याचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे.

मायलाटा हा सिडनीच्या बँक्सटाऊन भागांतील सामोअन कुटुंबांत १९९७ सालीं जन्मला. रग्बी लीग हा त्याचा खेळ. साउथ सिडनी रॅबिटोज या संस्थेच्या वीस वर्षांखालील संघांतून तो खेळे. उंची सहा फूट आठ इंच, वजन दीडशे किलोंहून अधिक. चेंडू बगलेंत धरून तो धावूं लागला म्हणजे एकट्यादुकट्या गड्यास तो आवरत नसे. तरीही संस्थेच्या पहिल्या संघाचें दार त्यास उघडलें नाहीं. २०१८ च्या आरंभीं त्यानें फ्लोरिडांत अमेरिकन फुटबॉलचा श्रीगणेशा केला आणि त्याच वर्षीं एप्रिलांत, या खेळाचा एकही सामना न खेळलेल्या या तरुणास फिलाडेल्फिया ईगल्स संघानें सातव्या फेरींत, २३३ व्या क्रमांकावर निवडलें.

रग्बींत चेंडू हातीं नसलेल्या गड्यास अडविणें हा अपराध. येथें मात्र तेंच त्याचें कर्तव्य ठरलें. त्याची जागा डाव्या टॅकलची. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेंकून चाल रचणारा गडी, उजव्या हाताचा असला म्हणजे फेंकतांना त्याची पाठ डावीकडे वळते. त्या न दिसणाऱ्या बाजूनें येणारा हल्ला टॅकलनें थोपवावयाचा. आयुष्यभर पुढें धांवलेल्या मायलाटास आतां आधीं मागें पाऊल टाकावें लागलें.

२०१८ व २०१९ या दोन्ही हंगामांत तो एकही अधिकृत सामना खेळला नाहीं. २०२० सालीं तो मैदानांत उतरला. पुढच्या वर्षीं ती जागा त्यानें स्पर्धेंत जिंकली आणि चार वर्षांचा, सुमारें ६ कोटी ४० लाख डॉलरांचा करार त्यास मिळाला. फेब्रुवारी २०२३ मध्यें सुपर बोलचा अंतिम सामना ईगल्सनीं कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध ३५-३८ असा गमावला; फेब्रुवारी २०२५ मध्यें न्यू ऑर्लिन्स येथें त्याच संघावर ४०-२२ असा विजय मिळविला.

त्या विजयाच्या नोंदींत गुण मिळविणारांच्या यादींत मायलाटाचें नांव नाहीं. ज्याच्या हातून चेंडू निर्धास्तपणें सुटला, त्याच्या पाठीशीं मात्र तो उभा होता.