वेष आणि धिटाई


"हल्लीच्या मुली काय घालतील याचा नेम नाही," हे वाक्य हळदीकुंकवाला हमखास कानी येते. म्हणून आज एका मुलीच्या वेषाविषयीच चार शब्द बोलते.

1885 सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टरी शिकणाऱ्या तिघी त्यात आहेत. जपानची के ओकामी किमोनोत, सीरियाची साबात इस्लांबूली आपल्या देशी वेषात आणि आपल्या आनंदीबाई जोशी साडीत. वय अवघे वीस! मी पोशाख बदलणार नाही, असे त्यांनी 1883 साली निघण्यापूर्वीच बंगालमधील सेरामपूरच्या सभेत सांगितले होते. परक्या गावात सगळ्यांच्या नजरा झेलीत त्यांनी ते पाळले. मात्र तिथल्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडत, तेव्हा त्या गुजराथी पद्धतीने साडी नेसू लागल्या. न बदलणे त्यांचे, आणि बदलणेही त्यांचेच!

भगिनींनो, धिटाई म्हणतात ती हीच. ती कापडाच्या लांबीरुंदीत नसते. आपली लेक जीन्स घालो, बिनबाह्यांचे पोलके घालो की नऊवारी नेसो; निवड तिची असली म्हणजे चाल आपोआप ताठ होते. रस्त्यावरच्या टवाळांना ती पुरून उरेल. पण शेजारच्या खिडकीतल्या आपल्या कुजबुजीने तिची मान खाली जाते. तेव्हा नावे ठेवण्याआधी "तुला यात मोकळे वाटते ना?" एवढेच विचारू या. वर्धापनदिनाचा हा संकल्प आपल्या मंडळाला शोभेल.