माहिती आपली, अहवाल कुणाचा?

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, गाव माळशिरस तालुक्यात. आज बोलायचंय सर्व्हेबद्दल. बांधावर टॅब घेऊन येतात ना पोरं, "काका, फक्त दहा मिनिटं" म्हणत, त्या सर्व्हेबद्दल. बियाणं, औषधं, ठिबक, आता तर अॅपवालेसुद्धा. माल बाजारात आणायच्या आधी कंपनी शेतकऱ्याला विचारते. विचारावंच. पण कसं विचारते ते बघा.

दहा मिनिटांची चाळीस होतात. आमच्या चुलत्यांची डाळिंबाची बाग आहे. फवारणी चाललेली, टाकीत औषध कालवलेलं, आणि तात्या उभ्याउभ्या उत्तरं देतायत. एकरी खर्च किती, कर्ज किती, औषध कुठल्या दुकानातून आणता. शेवटी मोबाईल नंबर. मिळालं काय? एक टोपी. आणि आठवड्याभरात विक्रीचे फोन सुरू! कंपनीचं नाव घेत नाही, कारण हे कुणा एकाचं नाहीये. त्या अहवालातलं एक पानही गावात आलं नाही.

मी असे फॉर्म बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम केलंय, म्हणून आतली गोष्ट सांगतो. फॉर्म हेक्टर आणि किलो मागतो. आपल्याकडे माणूस एकर-गुंठ्यात बोलतो, ऊस टनात आणि डाळिंब कॅरेटमध्ये. मग सर्व्हेवाला पोरगा उन्हात उभा राहून मनात हिशोब करतो आणि काहीतरी टाकतो. कर्जाचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. "सांगायचं नाही" हा पर्याय टाकायला आम्हाला दोन मिनिटं लागतात. तो नसतो, कारण काम देणाऱ्याने मागितलेलाच नसतो. मग तात्यांसारखा माणूस काय करतो? ठोकून देतो आकडा. त्यावर पुण्या-मुंबईत रंगीत तक्ते बनतात.

आणि विचारतात कुणाला? रॉबर्ट चेंबर्स नावाच्या ब्रिटिश अभ्यासकाने १९८३ साली लिहून ठेवलंय, की गावाचा अभ्यास करायला येणारी माणसं डांबरी रस्ता सोडत नाहीत. आपला तालुका डोळ्यासमोर आणा. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, म्हणजे पालखीचा रस्ता. आता तर तो चांगला रुंद झालाय. गाडी तिथंच थांबते, फार तर अकलूजला जाते. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावरचा ऊसवाला भेटतो. पिलीवकडच्या माळावरचा, पावसावर ज्वारी-बाजरी काढणारा भेटत नाही. अहवालावर मात्र लिहिलेलं असतं, "माळशिरस तालुक्यातील शेतकरी".

बायांना तर कुणी विचारतच नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांपैकी महिला साधारण १४ टक्के. पण खुरपणी कोण करतं हो? तणनाशकाबद्दल विचारायचं असेल तर ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला विचारून कसं चालेल? वाटेकऱ्याचंही तेच. राबतो तो, फॉर्मवर नाव मालकाचं.

आता कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतायत. यात संमती मागताना कुठली माहिती, कशासाठी, हे साध्या भाषेत सांगावं लागतं, आणि आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. म्हणजे मराठीत. संमती देणं जितकं सोपं, काढून घेणंही तितकंच सोपं हवं.

एक मेख आहे बरं का. संशोधन आणि आकडेवारीच्या कामाला या कायद्यात काही अटींवर सूट आहे. अट ही, की त्या माहितीवरून एखाद्या ठरावीक माणसाबाबत निर्णय घ्यायचा नाही. आता सांगा, सर्व्हेतला नंबर बघून तात्यांना औषध विकायला फोन केला, तर ते संशोधन राहिलं का? माझ्या मते नाही. ती विक्री झाली.

मला विचाराल तर शेतकऱ्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. अर्धा दिवस मोडला तर अर्ध्या दिवसाची मजुरी, टोपी नको. काही जण म्हणतात, पैसे दिले की माणूस गोड उत्तरं देतो. अहो, शहरात लोकांना बोलावून साबणाबद्दल मत विचारतात तेव्हा कूपन देतातच की! आणि निष्कर्ष मराठीत, दोन पानांत, ग्रामपंचायतीत लावावेत. आपल्या भागातल्या बागांचा एकरी फवारणी खर्च किती निघाला, हे कंपनीपेक्षा तात्यांना जास्त उपयोगी आहे. दुकानदाराशी बोलताना हातात काहीतरी राहील.

तुम्ही घरी असाल आणि टॅबवाला आला, तर शेजारी बसा. विचारा, पैसे कोण देतंय? नंबर कुणाकुणाकडे जाणार? नंबर न देता सर्व्हे होईल का? निष्कर्ष कधी, कुठे मिळणार? त्या पोरावर मात्र चिडू नका. त्याला बऱ्याचदा फॉर्ममागे पैसे मिळतात, म्हणून त्याची घाई असते.

तुमच्यापैकी कुणी हे काम केलं असेल, तर एका फॉर्मला किती मिळायचे आणि दिवसाला किती फॉर्मची सक्ती होती, ते आवाजी मेसेज करून पाठवा. नाव नाही सांगितलं तरी चालेल. पुढचा भाग त्यावरच करू.