बुडी मालवणात, आखणी लातुरात



दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जायचं आणि समुद्राखालचं प्रवाळ बघायचं, असा बेत आता नांदेड-लातूरच्या बऱ्याच घरांतून ऐकू येतो. मला त्याचा मनापासून आनंद होतो. गोदावरी-मांजरेच्या काठच्या पोरांनी समुद्राचा तळ जरूर बघावा. मात्र मालवणच्या माणसाला आज दर्या खवळलेला दिसला तर तो उद्या जाईल. आपण पाचशे-सहाशे किलोमीटर आत राहणारी माणसं. आपली रजा, तिकीट आणि खोली आधीच ठरलेली असते. म्हणून आपल्याला सगळी आखणी घरूनच करावी लागते.

सुरुवात भिंतीवरच्या कॅलेंडरपासून करा, आणि तारखेच्या आधी तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण असतं. पाण्याला ओढ लागते, तळाची वाळू ढवळते आणि खाली चार हातांवरचंही धड दिसत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. ओढ कमी, पाणी त्या मानाने निवळ. लक्ष्मीपूजन अमावास्येचं. तेव्हा पाडवा-भाऊबीज घरी करा आणि कार्तिक शुद्ध सप्तमी ते नवमी हे दिवस बुडीसाठी धरा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे निघते, हा कोकणातला जुना हिशेब आहे. अष्टमीला सहाच्या सुमाराला. वाऱ्याचा भरवसा मात्र कोणतंही कॅलेंडर देत नाही. त्या दिवशी होडीवाला ‘नको’ म्हणाला तर त्याचं ऐकायचं, आणि त्यासाठी एक दिवस हातचा राखून ठेवायचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मेअखेरीस पावसाळ्यासाठी जलक्रीडा बंद होतात, त्यामुळे उन्हाळी सुट्टीचा शेवटचा आठवडा धरून चालू नका.

आता आपल्या एका सवयीबद्दल. आपल्याकडे पोहणं शिकतात ते विहिरीत. पाठीला भोपळा किंवा डबा बांधून हातपाय मारायचे, आणि पुढे सराईत झालं की श्वास कोंडून तळ गाठायचा, मूठभर माती वर आणून दाखवायची. पाण्याची भीती मोडायला ही विद्या मोलाची आहे. स्कूबा करताना मात्र श्वास कोंडणं हीच सगळ्यात मोठी चूक. विहिरीत आपण वरची हवा छातीत भरून खाली जातो. ती खाली आकसते आणि वर आल्यावर होती तेवढीच होते. स्कूबात आपण खालच्या दाबाची हवा सिलिंडरमधून घेतो. दहा मीटरांवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतलेला श्वास कोंडून वर आलात, तर तीच हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून तोंडाने, संथ, सतत श्वास चालू ठेवायचा.

पहिल्या दोन मीटरांतच कान बोलायला लागतात. आधी दडे बसल्यासारखं होतं, मग आतून कोणी अंगठा रोवावा तशी कळ येते. दुखायची वाट बघू नका. खाली जायला लागताच नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकायचं. कानात ‘टुक्’ होतं आणि दाब सुटतो. हात-दीड हात खाली गेलात की पुन्हा तेच. नाही सुटला तर खूण करून थोडं वर यायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी बुडी नाहीच, मग पैसे भरलेले असले तरी. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल, किंवा दिवस गेले असतील, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. केंद्रावर आरोग्याचा फॉर्म भरायला देतात. तो घाईत सही ठोकून परत करण्याचा कागद नव्हे.

पहिल्यांदा जाणाऱ्याला प्रशिक्षक हाताशी धरून पाच-सात मीटरांपर्यंत नेतो. ज्यांना पुढे शिकायचं आहे त्यांच्यासाठी तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. पहिल्या पायरीचा अभ्यासक्रम तीन-चार दिवसांचा असतो आणि तो केला की अठरा मीटरांपर्यंत जाता येतं. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं आंग्रिया बँक हे मोठं प्रवाळक्षेत्र पाण्याखाली आहे. पण ते कसलेल्या लोकांचं काम.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. इथलं प्रवाळ खडकांना धरून ठिकठिकाणी वाढतं. ते दगडासारखं दिसलं तरी त्यावर इवल्या जिवांची वस्ती असते, आणि त्यांच्या अंगात राहणारं शैवाल त्यांना खाऊ घालतं. पाणी आठवडेच्या आठवडे नेहमीपेक्षा एखाद-दुसऱ्या अंशानेही जास्त तापलं तर हे शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. 2024 च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी अशी चौथी जागतिक लाट जाहीर केली. आधीच तापाने बेजार झालेल्या त्या जिवावर फोटोसाठी पाय देऊन उभं राहू नका. माशांना बिस्किटं घालू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं वाघाइतकंच संरक्षण आहे, त्याचा तुकडा पिशवीत घालून आणणं हा गुन्हा आहे.

आणि आता परतीचा प्रवास. पाण्याखाली दाबामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात जास्त विरघळतो, आणि वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. त्याआधीच उंचावर गेलो तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानासाठी नियम असा, की एका बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास थांबावं. आपण म्हणतो, आम्ही तर गाडीने आलो! पण मालवणहून निघालं की दोनेक तासांत आंबोलीचा घाट लागतो, तो सातशे मीटरांच्या जवळपास, आणि लातूरही पाचशे मीटरांच्या वर आहे. पाच-सहा मीटरांवरच्या पंधरा मिनिटांच्या एका बुडीत धोका फार थोडा. अभ्यासक्रम करणाऱ्यांनी, दिवसाला दोन-दोन बुड्या मारणाऱ्यांनी मात्र घाटालाही विमानाचाच नियम लावावा. शेवटची बुडी सकाळी, रात्रीचा मुक्काम मालवणात, निघायचं दुसऱ्या दिवशी. तिकीट काढतानाच हे ठरवा.

त्रास व्हायचाच असेल तर तो बहुधा चोवीस तासांत दिसतो, म्हणजे तोवर आपण नांदेडात पोचलेलो असतो. सांधे ठणकणं, हातापायांना मुंग्या, चक्कर, विलक्षण थकवा. प्रवासाचा शीण म्हणून झोपून जाऊ नका. इकडच्या दवाखान्यात डॉक्टरांना समुद्रातल्या बुडीची शंका येण्याचं कारणच नसतं, तेव्हा गेल्या गेल्या स्वतःहून सांगा: मी काल स्कूबा करून आलो, इतके मीटर, इतक्या वेळा. पहिला उपचार शुद्ध ऑक्सिजन, आणि तो नांदेडातही मिळतो, लातुरातही मिळतो.