घरातून निघालेला प्रश्न



मेंदूविज्ञानात पीएचडी करू इच्छिणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायला मी बसते, तेव्हा एक उत्तर हमखास कानावर येतं. "या विषयाकडे कसे वळलात?" "आजीला अल्झायमर होता." कुणाच्या आजोबांना पार्किन्सन, कुणाच्या मामाला फिट्स. कुणी आवाज खाली आणून सांगतं, "मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे." समितीतले काही जण मग एकमेकांकडे बघतात. पोरगं भावनेच्या भरात आलंय, दोन वर्षं उंदरांच्या मेंदूचे काप बघितले की उत्साह ओसरेल, असं त्यांना वाटतं.

मला तसं वाटत नाही. मी पुढचं विचारते: आजी नेमकं काय विसरायची? आणि काय विसरत नव्हती?

ज्यानं खरंच पाहिलेलं असतं तो जरा थांबतो. एक मुलगी म्हणाली, "तिला माझं नाव आठवायचं नाही. पण भाकरी थापायला बसली की हात चुकायचा नाही, कडा अगदी सारख्या. फक्त तवा ठेवायचा राहून जायचा. थापलेली भाकरी हातात घेऊन बसून राहायची." त्या पोरीनं आपल्या नकळत अर्धं पाठ्यपुस्तक सांगून टाकलं होतं. नावं आणि कालपरवाच्या घटना मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आसपासच्या भागाच्या भरवशावर टिकतात आणि अल्झायमर बहुधा तिथूनच सुरुवात करतो. हाताला लागलेली सवय बेसल गँग्लिया आणि लहान मेंदू सांभाळतात, ती बराच काळ टिकते. आणि आधी काय, मग काय, हे लावून देणारा कपाळामागचा भाग ढासळला की तवा राहून जातो. हे सगळं ती चुलीपाशी बसून शिकली होती.

म्हणून घरचं कारण घेऊन येणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. मात्र माझी एक अट असते. घर प्रश्न देतं, उत्तर क्वचितच देतं. त्यासाठी परक्याच्या दारात जावं लागतं, आणि एकदा गेलं की त्या दाराचं देणं लागतं. आज मला एवढंच सांगायचं आहे, पण ते एका कुटुंबाच्या गोष्टीतून सांगते.

साल १९६८, गाव लॉस एंजेलिस. लिओनोर वेक्सलर नावाच्या बाई ज्यूरीच्या कामासाठी कोर्टाकडे निघाल्या होत्या. रस्ता ओलांडताना पोलिसानं हटकलं, की सकाळी सकाळी एवढी पिऊन फिरता, लाज वाटत नाही का! बाई प्यायलेल्या नव्हत्या. त्यांची चाल बिघडली होती आणि ते त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं. त्या प्राणिशास्त्र शिकलेल्या, फळमाश्यांवर काम केलेल्या. वडील हंटिंग्टनच्या आजारानं गेले, पुढे तिन्ही भावांनाही तोच झाला. पण हा रोग फक्त पुरुषांना होतो, असा त्यांचा समज होता. या आजारात हातपाय आपल्या मनानं हलू लागतात, स्वभाव बदलतो, बुद्धी ओसरते आणि दहा-वीस वर्षांत माणूस जातो. आईवडिलांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी.

लिओनोर यांचे पती मिल्टन मनोविश्लेषक होते. दोघांचा घटस्फोट झालेला असूनही त्यांनी दोन्ही मुलींना समोर बसवून सगळं सांगितलं. त्याच वर्षी मिल्टन यांनी या आजारावरच्या संशोधनासाठी संस्थेचं काम सुरू केलं. धाकटी नॅन्सी तेव्हा तेवीस वर्षांची होती, म्हणजे आज इथे पदवी घ्यायला बसलेल्या तुमच्यापैकी अनेकांच्या वयाची. त्या जीवशास्त्राच्या नव्हत्या, मानसशास्त्राच्या होत्या. आपल्याला हा रोग होईल की नाही, या टांगणीवर जगणारी माणसं कशी जगतात, यावर त्यांनी मिशिगन विद्यापीठात पीएचडी केली. प्रश्न घरचाच, पण तो घेऊन त्या बाहेर पडल्या.

आता अडचण बघा. रोगाचं जनुक शोधायचं तर पिढ्यानपिढ्या रोगाबरोबर चालत येणारी डीएनएमधली खूण शोधावी लागते, आणि त्यासाठी भलंमोठं कुटुंब लागतं. वेक्सलरांच्या घरात होत्या दोन बहिणी. म्हणजे ज्या घरानं प्रश्न विचारला, ते घर उत्तर द्यायला पुरेसं मोठंच नव्हतं.

असं कुटुंब होतं व्हेनेझुएलात, माराकाइबो सरोवराच्या काठी. तिथल्या कोळीवस्त्यांत हा रोग आहे हे अमेरिको नेग्रेते या स्थानिक डॉक्टरांनी १९५० च्या दशकातच ओळखलं होतं. बाहेरच्या जगानं फारसं लक्ष दिलं नाही, ही आपल्याकडच्या संशोधकांनाही ओळखीची कहाणी. नॅन्सी १९७९ मध्ये तिथे गेल्या आणि मग पुढची वीसेक वर्षं जात राहिल्या. पाण्यात रोवलेल्या खांबांवरची घरं, होडीतून एका दारातून दुसऱ्या दारात जायचं, ओसरीवर बसून कोण कुणाचा कोण हे विचारत वंशावळ लिहायची. ती वंशावळ शेवटी अठरा हजारांहून अधिक माणसांची झाली.

लोक रक्त द्यायला बिचकत होते, आणि ते साहजिकच होतं. अमेरिकेची गोरी बाई, हिला आमचं रक्त कशाला हवं? माझी आई याच आजारानं गेली, असं नॅन्सींनी सांगितलं, तर कुणाला खरं वाटेना. श्रीमंत देशात हा रोग असतो यावरच विश्वास बसेना. तेव्हा फिदेला गोमेझ या नर्सनं नॅन्सींचा हात धरला आणि जमलेल्या माणसांतून फिरवून त्यांच्या दंडावरचा लहानसा व्रण एकेकाला दाखवला. नमुन्यासाठी त्यांच्याही कातडीचा तुकडा काढलेला होता, त्याचा तो व्रण. हिच्याही अंगावर ती खूण आहे, ही आपल्यातली आहे, असं फिदेलानं सांगितलं आणि वातावरण पालटलं. मला विचाराल तर या सगळ्या संशोधनातला सगळ्यात मोठा प्रयोग तो होता. शोधनिबंधाच्या 'पद्धती' या भागात असल्या गोष्टीला जागा नसते.

त्या रक्ताच्या आधारावर १९८३ मध्ये जेम्स गुसेला यांच्या गटाला चौथ्या गुणसूत्रावर खूण सापडली. नशीबही होतं, पहिल्या डझनभर खुणांतच ती निघाली. सगळ्यांना वाटलं, आता जनुक हाताशीच आलं. त्याला आणखी दहा वर्षं लागली. १९९३ मध्ये सहा गटांतल्या ५८ शास्त्रज्ञांनी ते मिळून जाहीर केलं. सी-ए-जी ही तीन अक्षरं त्या जनुकात पुन्हा पुन्हा येतात. ३५ वेळांपर्यंत आली तर रोग होत नाही, ४० किंवा जास्त वेळा आली तर आयुष्य पुरेसं लाभलं की रोग होतोच. इतक्या क्षुल्लक फरकावर माणसाचं सगळं आयुष्य अवलंबून असतं, हे मला अजूनही पचत नाही.

तोवर एक नवाच पेच उभा राहिला होता. उपचार नाही, पण चाचणी आहे. ती करून घ्यायची का? धोका असलेल्या बहुसंख्य लोकांनी आजवर नाही असंच ठरवलं आहे. नॅन्सींनीही आपलं काय ठरलं हे कित्येक वर्षं चारचौघांत सांगितलं नाही. २०२० मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आपल्याला हा आजार झाला आहे हे त्यांनी जाहीर केलं.

याच्या अगदी उलट वाट सोनिया वल्लभ यांची. कायद्याचं शिक्षण हार्वर्डमधलं. २०१० मध्ये आई काही महिन्यांत होत्याची नव्हती झाली. प्रायॉन या मेंदूतल्या प्रथिनाच्या बिघाडाचा आनुवंशिक आजार होता. सोनियांनी चाचणी करून घेतली आणि दोष त्यांच्यातही निघाला. त्या वकील, पती एरिक मिनिकेल वाहतूक नियोजनातले. दोघांनी नोकऱ्या सोडल्या, जीवशास्त्र पायरीपायरीनं शिकून घेतलं, हार्वर्डमध्ये पीएचडी केली. आज ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये या रोगावरच्या औषधासाठी त्यांची प्रयोगशाळा आहे. एकीनं चाचणीचा निकाल जगाला सांगितला, दुसरीनं आपला निर्णय स्वतःपाशी ठेवला. यातली कोण धीराची, हा प्रश्न मला फोल वाटतो. पुढे तुमच्यासमोर रुग्ण बसेल तेव्हा त्याच्या वतीनं चाचणीचा निर्णय मात्र घेऊ नका.

घरचं कारण म्हणजे दरवेळी दुःखच असतं असंही नाही. सेमूर बेंझर मूळचे भौतिकशास्त्राचे. दुसरी मुलगी झाली आणि ती पहिलीपेक्षा जन्मापासून निराळी वागते हे बघून ते चक्रावले. स्वभाव जनुकांतून येतो का, या कुतूहलापोटी ते फळमाश्यांकडे वळले. १९७१ मध्ये त्यांनी आणि रोनाल्ड कोनोप्का यांनी शरीरातल्या घड्याळाचं जनुक शोधलं, आणि त्या वाटेवर पुढे काम करणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर बेंझरांबरोबर काम केलं ते आपल्या मुंबईच्या टीआयएफआरमधल्या ओबेद सिद्दिकींनी. दोन लेकींची भांडणं सोडवताना एवढं सुचू शकतं. पालकांनी नोंद घ्यावी.

आणि जॉर्ज हंटिंग्टन, ज्यांच्या नावानं हा रोग ओळखला जातो, त्यांनी त्यावरचा निबंध १८७२ मध्ये लिहिला तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. पदवी घेऊन वर्ष झालेलं. निबंधाचा बराचसा भाग साध्या कोरियावर, म्हणजे हातपाय आपोआप हलण्याच्या विकारावर, आहे, हा आनुवंशिक प्रकार शेवटी थोडक्यात येतो. पण त्या थोडक्यात तीन पिढ्या आहेत, कारण आजोबा आणि वडील दोघंही लाँग आयलंडवर त्याच गावात डॉक्टर होते. त्यांनी पाहिलेली घराणी नातवाच्या कामी आली. रोग पिढीतून पिढीत जातो हे कळायला डॉक्टरचीही तिसरी पिढी लागली.

आपल्याकडे घरातून असे प्रश्न का निघत नाहीत? निघतात, पण दाबले जातात. म्हातारं माणूस विसरायला लागलं की साठी बुद्धी नाठी म्हणून मोकळं व्हायचं. तरुण मुलाला आवाज ऐकू यायला लागले की बाहेरची बाधा, मग देवऋषी. नाहीतर लग्न करून द्या, ताळ्यावर येईल. आणि सोयरिकीच्या वेळी सगळ्यांची तोंडं बंद, कारण स्थळ मोडेल. असा माणूस माजघरात ठेवलेली घरं तुम्ही पाहिली असतील, कदाचित त्याच घरात वाढलाही असाल.

ही कोंडी फोडणारी माणसंही इथलीच. धुळ्याचे जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी ते लपवलं नाही. पुण्यात रुग्ण आणि नातेवाइकांसाठी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. 'देवराई' या चित्रपटामागेही त्यांचं पाठबळ होतं. ते मेंदूशास्त्रज्ञ नव्हते. पण शास्त्रज्ञाला ज्या घरात शिरता येत नाही, त्या घराचं दार त्यांनी आतून उघडलं.

आता सुरुवातीला म्हटलेल्या त्या देण्याबद्दल. माराकाइबोच्या माणसांनी चार हजारांहून अधिक रक्तनमुने दिले. त्यांच्या जोरावर जगभर चाचण्या होतात, औषधांच्या चाचण्या सुरू आहेत. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एका जीन उपचारानं तीन वर्षांत रोगाची गती ७५ टक्क्यांनी मंदावल्याचं जाहीर झालं. रुग्ण मोजकेच होते, म्हणून मी अजून हुरळून जात नाही, तरी बातमी मोठी आहे. तो उपचार म्हणजे कवटीला छिद्र पाडून तासन्‌तास चालणारी शस्त्रक्रिया. सरोवराकाठच्या त्या वस्त्यांत साधं औषध मिळायची मारामार आहे. ज्यांच्या रक्तातून हे आलं, त्यांच्यापर्यंत ते कधी पोचेल?

हा प्रश्न दूरचा समजू नका. बंगळुरूच्या निमहान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे. माणूस गेल्याच्या घटकेला कुणीतरी नातेवाईक तिथे हो म्हणतो, म्हणून तुमच्यासारख्यांना काचपट्टी मिळते. उद्या तुम्ही एखाद्या गावात नमुने गोळा करायला जाल. संमतीपत्र इंग्रजीत आणि खाली अंगठा, हे मी फार पाहिलं आहे. ते मराठीत करा, अहिराणीत किंवा मालवणीत बोलून सांगा. निष्कर्ष निघाले की त्याच ओसरीवर परत जाऊन सांगा, हाती काहीच लागलं नसेल तरी सांगा. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात त्या दुसऱ्या फेरीच्या एसटीचं भाडं आधीच धरून ठेवा. ते कुणी धरत नाही.

पालकांनो, एक मागणं तुमच्याकडेही आहे. आज पेढे वाटून झाले की मुलांना घराण्याची खरी हकिगत सांगा. आत्या नेमकी कशानं गेली, आजोबांचे हात कितव्या वर्षी कापायला लागले, ज्या काकाचं नाव घरात निघत नाही त्याला काय झालं होतं. नाव, वय आणि काय दिसलं, एवढं पुरे. मुलांनी ते लिहून घ्यावं, तारीख घालून.