ऋषिपंचमी, पाळी आणि डिस्क
(इच्छापोर येथे ऋषिपंचमीच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या श्रमाचे न खाता ऋषीची भाजी खायची, हे आपण सगळ्या जाणतो. पाळीच्या दिवसांत नकळत झालेल्या शिवाशिवीचे परिमार्जन, हे व्रतामागचे कारण मात्र हळू आवाजात सांगितले जाते. आज आम्ही पाळीबद्दल जरा मोठ्याने बोलणार आहोत.

आज्यांनी घड्या वापरल्या, आयांनी पॅड. आमच्यातल्या काही जणींनी नोकरी आणि लांबच्या प्रवासामुळे टॅम्पॉन घेतले, आणि आता त्यातल्या काही डिस्ककडे वळल्या आहेत.

टॅम्पॉन म्हणजे आत बसवायची कापसाची सुरळी. ती रक्ताबरोबर आतला ओलावाही शोषते, म्हणून शेवटच्या दिवशी काढताना खरखरते. ती ४ ते ८ तासांत बदलावीच लागते. जास्त वेळ राहिली तर टॉक्सिक शॉक सिंड्रोम हा क्वचित होणारा, पण जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. १९८० साली अमेरिकेत या कारणाने एक खूप शोषणारा टॅम्पॉन बाजारातून मागे घ्यावा लागला.

डिस्क शोषत नाही, साठवते. मऊ कडीला पातळ वाटी लावलेली असते. हात धुऊन कडी चिमटीत दाबायची आणि मागे, खालच्या दिशेने सरकवायची. मागची कड गर्भाशयाच्या मुखापलीकडे जाते, पुढची ओटीपोटाखालच्या हाडामागे टेकते. साधारण १२ तासांपर्यंत ठेवता येते. काढताना कडीत बोट अडकवून आडवी ओढायची. सुरुवातीला सांडते, म्हणून पहिले दोन-तीन महिने सुट्टीच्या दिवशी घरीच सराव करावा. पुन्हा वापरायची डिस्क सोबतच्या सूचनेप्रमाणे उकळावी. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, कारण दोरा ओढला जाऊ शकतो.

२०२३ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या संशोधकांनी खरे रक्त वापरून मोजमाप केले. डिस्कमध्ये सरासरी ६१ मिलिलिटर मावले. पॅड, टॅम्पॉन आणि कपमध्ये साधारण २० ते ५०. एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाणे म्हणजे अतिरक्तस्राव, असे डॉक्टर मानतात.

आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट हीच. ‘अंगावरून फार जातं’ म्हणत कितीतरी जणी वर्षानुवर्षे थकवा सोसतात, आणि घरचे म्हणतात, ‘बाईच्या जातीला चालायचंच.’ डिस्क किंवा कप रिकामा करताना किती गेले याचा अंदाज येतो. तो वहीत लिहा, डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिन तपासून घ्या.

डिस्क सगळ्यांनी वापरावीच, असे आम्ही म्हणत नाही. जिला घडी किंवा पॅड सोयीचे, तिने तेच वापरावे. लेकीसुनांनाही निवड करू द्यावी. फक्त त्यांनी विचारले तर विषय बदलू नका; शेजारी बसवून सांगा.

गणपती बाप्पा मोरया!