काटकसर कुणाच्या ताटातून?

(महिला मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मी काही वक्ता नाही. इचलकरंजीत घरी मशीनवर परकर आणि गाऊन शिवते. पण मागच्या बैठकीत कर्जाचा विषय निघाला आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या. ते मला लागलं. नवऱ्याच्या मारझोडीबद्दल आपण आता बोलायला शिकलो, पण कर्जाचं नाव निघालं की अजून मान खाली जाते. म्हणून आज माझ्याच घरचा हिशोब मांडते.

२०२१ साली नवऱ्याच्या हाताला दुखापत झाली. तो यंत्रमागावर कामाला होता. दवाखान्यात पैसे गेले, चार महिने मजुरी बंद. कर्ज चार ठिकाणी झालं. सावकाराचे २०,००० रुपये, शेकडा पाच रुपये महिना. बायकांच्या गटातून कंपनीचे ४०,०००. बँकेत मंगळसूत्र ठेवून ३०,०००. वाण्याची उधारी ६,५००. सगळे मिळून ९६,५०० रुपये. पुढे नवरा वॉचमन म्हणून लागला, त्याचे ११,००० आणि माझे शिलाईचे ६,०००, अशी महिन्याची १७,०००ची आवक. त्यातले ३,३६७ रुपये नुसते हप्ते आणि व्याज यांत जायचे, आणि सावकाराचं मुद्दल तर एका रुपयानं हलत नव्हतं.

मग मी काटकसर सुरू केली. कुणाला न विचारता, कुणाला न सांगता, आपण सगळ्याजणी करतो तशी. चहातलं माझं दूध बंद केलं. रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड घ्यायला लागले. मुलीचा क्लास बंद केला. दुपारचं माझं जेवण म्हणजे सकाळची उरलेली भाकरी. महिन्याला ११०० रुपये वाचले, आणि मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. तिसऱ्या महिन्यात मशीनवर बसल्या बसल्या चक्कर येऊन पडले. दवाखान्याचं बिल २,४०० झालं, आठ दिवस शिलाई बंद, ती मजुरी बुडाली ती वेगळीच. त्या काटकसरीनं कर्ज फिटलं नाही, वाढलं.

अंथरुणावर पडल्या पडल्या मनात आलं, मी घरखर्च कमी केला म्हणत होते, पण खरं तर मी फक्त मला कमी केलं होतं. नवऱ्याची रोजची ३० रुपयांची तंबाखू-विडी तशीच होती. पाहुण्यांच्या लग्नातले आहेर तसेच होते. त्याला कुणी हात लावला नव्हता, कारण मीच लावला नव्हता.

मंडळातल्या ताईंनी सांगितलं, महिनाभर पै न् पै वहीत लिही. लिहिलं. महिनाअखेरीला रात्री जेवणं झाल्यावर नवरा, सासूबाई, दोन्ही मुलं, सगळ्यांसमोर वही वाचली. नवरा चिडला. म्हणाला, "माझी तंबाखू मोजतीस?" मी म्हटलं, "माझ्या गोळ्या मोजल्या, तेव्हा तुम्ही कुठं होता?" त्या रात्री तो बोलला नाही. दुसऱ्या रात्री मुलीनं वही परत काढली. चौथ्या दिवशी तो स्वतः म्हणाला, दहा रुपयांत भागवतो. तिथं महिन्याचे ६०० वाचले. आहेराचे ५००, रविवारच्या मटणाचे ५००, तिसऱ्या फोनच्या रिचार्जचे ३००, टीव्हीचे ३००. एकूण २,२०० रुपये. आणि वहीत एक पान वेगळं केलं, ज्याला हात लावायचा नाही असं : अर्धा लिटर दूध, माझ्या गोळ्या, मुलीचा क्लास.

आता प्रश्न आला, पहिल्यांदा कुणाचे फेडायचे? सासूबाई म्हणाल्या, आधी मंगळसूत्र सोडव, मोकळ्या गळ्यानं हिंडू नको. मैत्रिणींनो, इथं मला सगळ्यात जास्त त्रास झाला. पण हिशोब बघा. मंगळसूत्रावर व्याज शेकडा एक रुपया महिना, सावकाराचं पाच. म्हणजे सावकाराकडे १०० रुपयांवर वर्षाला ६० रुपये जातात. मंगळसूत्र आधी सोडवलं असतं तर लोकांची तोंडं बंद झाली असती, पण सावकाराचं तोंड उघडंच राहिलं असतं. मी काळा दोरा घालून हिंडले. हळदीकुंकवाला एकीनं विचारलंच, "काय गं, मोडलंस का?" मी म्हटलं, "नाही, कामाला लावलंय."

भिशीचे ८,००० आले ते सावकाराला दिले. तो मुद्दल तुकड्यानं घ्यायला तयार नव्हता, एकरकमीच पाहिजे म्हणत होता. मंडळाच्या दोघीजणी सोबत आल्या आणि विचारलं, "परवाना आहे का?" महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्यानं विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते. त्यानं पैसे घेतले आणि चिठ्ठीही दिली. मग जुन्या व्याजाचे १,००० आणि वाचवलेले २,२००, असे महिन्याला ३,२०० त्याच्याकडेच. व्याज उतरत गेलं आणि पाचव्या महिन्यात तो संपला. तेच ३,२०० पुढं वाण्याला, त्यानंतर बँकेला. अठराव्या महिन्यात मंगळसूत्र घरी आलं. आता ते डब्यात आहे. घालायचं की नाही, ते मी ठरवते.

गटाच्या कर्जाबद्दल दोन गोष्टी सांगते. मला तोंडी सांगितलं होतं, "बारा टक्के". ४०,००० वर दोन वर्षांचं व्याज ९,६००, हप्ता २,०६७. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो, आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण ४०,००० वर धरलेलं. उरलेल्या मुद्दलावर हिशोब केला की तोच दर २१ ते २२ टक्के निघतो. तेव्हा सही करण्याआधी विचारा, "घटत्या मुद्दलावर किती?"

दुसरी गोष्ट वसुलीची. सूक्ष्म कर्जासाठी रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली नियम घालून दिले. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. कर्जाचं कार्ड आपल्याला समजेल अशा भाषेत पाहिजे. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर वसुलीसाठी फोन करायचे नाहीत. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, थकलेल्या बाईचं नाव जाहीर करणं, सगळ्याला मनाई आहे. एकीचा हप्ता चुकला म्हणून रात्री दहापर्यंत तिच्या दारात बसवून ठेवतात ना, ते नियमात बसत नाही. आणि वाईट याचं की त्या दारात आपणच बसतो, तिच्याच गटातल्या बायका. २०१० साली आंध्र प्रदेशात अशाच वसुलीच्या जाचानं कर्जदारांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या, आणि सरकारला वटहुकूम काढावा लागला. आपल्या गल्लीत ती वेळ यायला नको.

शेवटी एक सांगते. माझं फिटलं म्हणून "सगळ्यांनी वही लिहा, कर्ज फिटेल" असं मी म्हणणार नाही. जिच्या घरी सहा हजारच येतात, तिनं कशातून कापायचं? काटकसरीला तळ असतो. त्याच्या खाली गेलं की बाई स्वतःचं रक्त कापायला लागते. माझं कर्ज चैनीनं झालं नव्हतं, दवाखान्यानं झालं होतं. सरकारी दवाखान्यात नीट उपचार, शिलाईला नीट दर, वेळेवर रेशन, हे मिळालं असतं तर सावकाराच्या दारात पाय ठेवावा लागला नसता. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. घरातल्या तेला-साखरेचा हिशोब त्यांनी सरकारला विचारला. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केलं, आणि सावकाराच्या कचाट्यातल्या त्या बायकांसाठी राष्ट्रीयीकृत बँकेचं दार उघडून घेतलं. त्यांनीही सुरुवात हिशोबापासूनच केली असणार, पण तो घरात झाकून ठेवला नाही.

म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपलं कर्जाचं कार्ड घेऊन यायचं. जिला वाचता येत नाही तिचं शेजारणीनं वाचायचं. कोणतं आधी फेडायचं ते मिळून ठरवू. आणि घरी काटकसर करायची वेळ आली, तर पहिली ओळ आपल्या दुधाची लिहू नका. घरातल्या सगळ्यांना समोर बसवा आणि वही मोठ्यानं वाचा.